पाऊस गेला की किल्ले बंद? मुंबईहून एका दिवसात होणारे कोरड्यातले किल्ले

घाटवळण (मुलुंड)

दरवर्षीचं ठरलेलं आहे. जून लागला की रविवारच्या पहिल्या कर्जत लोकलला सॅकवाल्यांची अशी झुंबड की रोजच्या भाजीवाल्यांना चढायला मिळत नाही. हा उत्साह डिसेंबरपर्यंत कसाबसा टिकतो. संक्रांत झाली की सगळे गार. "आता काय आहे तिथे? सगळं वाळलंय" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. पावसाळ्यात आपण डोंगर बघतो. किल्ला बघायचा असेल तर जानेवारी ते एप्रिल. पावसात दरवाजाची कमान धुक्यात, वाड्यांची जोती कमरेएवढ्या गवतात, आणि टाकं कुठलं नि डबकं कुठलं हे सांगायला सोबत गावातला माणूस लागतो. गवत बसलं की तोच माथा वाचता येतो. तट कुठून कुठे गेला, पहाऱ्याच्या देवड्या कुठे होत्या, दरवाजाचा अडसर सरकवायला भिंतीत केलेली भोकं, छपराच्या खांबांसाठी कातळात खोदलेले खळगे, सगळं उघडं पडतं. हे खळगे एकदा दिसायला लागले की मोकळ्या कातळावर मांडव, पागा, शिबंदीची घरं उभी करता येतात मनातल्या मनात.

अडचण उन्हाची. ती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय आहे. आपल्याकडे लोक किल्ला निवडतात उंची आणि फोटो बघून. कोरड्यात निवडायचा तो वाट कुठल्या दिशेने चढते ते बघून. कर्जत-मुरबाड पट्ट्यातल्या किल्ल्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. सूर्य त्या भिंतीवरून डोकावेपर्यंत बराच उशीर होतो, आणि वाट पश्चिमेच्या अंगाने चढत असेल तर सकाळी अख्खी चढण सावलीत होते. तीच उतरंड दुपारी दोनला तव्यावर उभं राहण्यासारखी. म्हणून अकराच्या आत खाली. बारा नाही, अकरा.

यात माझा पहिला नंबर कोथळीगड ऊर्फ पेठचा किल्ला. कर्जतहून आंबिवली गाव. (कसारा लाइनवर शहाडच्या पुढे आंबिवली स्टेशन आहे, ते हे नव्हे. हसू नका, लोक उतरलेत.) आंबिवलीहून पेठ गावापर्यंत रुंद, चुकायला वाव नसलेली वाट. मग समोर सुळका आणि त्याच्या पोटात खोदलेली गुहा. गुहेत नक्षीचे खांब आहेत, भैरोबाचं ठाणं आहे, जवळ पाण्याचं टाकं आहे. पण खरी मजा पुढे. माथ्यावर जायला त्या सुळक्याच्या आतूनच वर कोरत नेलेल्या पायऱ्या आहेत. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, दोन्ही हात दोन्ही भिंतींना लागतात, वर आभाळाचा तुकडा. पावसात इथून पाणी वाहत असतं, त्यामुळे नजर पायावरून हलत नाही. मार्चमध्ये थांबून भिंतीवरचे छिन्नीचे घाव बघा, तिरके, एकाच अंगाने मारलेले. वर चिंचोळा माथा आणि पुन्हा टाकं. संभाजीराजांच्या काळात हा महत्त्वाचा किल्ला. १६८४ मध्ये मोगलांनी तो घेतला तो फितुरीने. एवढासा सुळका लढून का घेता आला नाही हे त्या पायऱ्यांत उभं राहिलं की कळतं.

दुसरा गोरखगड. कल्याणहून मुरबाड, म्हसा, मग देहरी. शेवटचा टप्पा कातळात खोदलेल्या पायऱ्यांचा आहे, काही ठिकाणी हात अडकवायला खोबण्या आहेत. उंचीची भीती असेल तर गुहेपाशी थांबा, तिथेच किल्ला वसूल आहे. प्रशस्त गुहा, समोर चाफ्याची झाडं, त्यांच्या पलीकडे मच्छिंद्रगडाचा सुळका आणि मधे सरळ दरी. गुहेच्या आसपास टाकी आहेत.

तिसरा माहुली, आसनगावहून. याबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार असतील, लिहा.

पेब ऊर्फ विकटगड नेरळहून चढून माथेरानच्या अंगाला उतरता येतो. १९०७ पासून धावणाऱ्या त्या छोट्या गाडीच्या रुळांपाशी वाट निघते, कड्यावरचा गणपती लागतो. सोपा, पण पाण्याच्या भरवशावर जाऊ नये.

तुमचे सांगा. अट एकच: सकाळी मुंबईतून निघून रात्री जेवायला घरी.

---

सई_लालबाग

मस्त धागा. प्रश्न विचारू का? मुलगा नऊ वर्षांचा, आई बासष्टची, दोघांनाही यायचंय. गाडी नाही. लोकल, एसटी, रिक्षा यात बसेल असं काही? आईचे गुडघे बरे आहेत, पण सुळके-बिळके नकोत.

---

नाना_दादरकर

धागाकर्त्यांच्या उत्साहाला सलाम, पण सरसकट "एप्रिलपर्यंत जा" हे मला पटलेलं नाही. होळीनंतर मी कोणालाही डोंगरात पाठवत नाही. कारणं सांगतो.

एक, घसारा. पावसात चिखल असतो, पाय रुततो, पण धरतो. मार्चमध्ये वाटेवरचा मुरूम सुटा होतो, त्यावर वाळलेलं गवत आडवं पडतं. चढताना कळत नाही. उतरताना बूड टेकत यावं लागतं. गोरखगडाच्या पायऱ्यांवर हा मुरूम साचला असेल तर मी म्हणेन पुढे जाऊच नका.

दोन, आग्या मोहोळ. कर्नाळ्याच्या सुळक्यावर वर्षानुवर्षं पोळी आहेत, सगळ्यांना माहीत आहे. तरी मंडळी अत्तर फवारून येतात, खाली चहाला चूल पेटवतात. धूर सरळ वर जातो. मधमाश्या उठल्या की पळायला जागा लागते आणि किल्ल्यावर नेमकी तीच नसते.

तीन, वणवा. एक विडी पुरते. वनखात्याने जाळरेषा काढलेल्या असतात, गवताचा पट्टा आधीच जाळून ठेवतात म्हणजे आग पुढे सरकत नाही. पण वाऱ्याला जाळरेषा दिसत नाही.

आणि चौथं म्हणजे पाणी. आजकालची मुलं एक लिटरची बाटली घेऊन येतात आणि वर टाकं आहे म्हणून गुगलवर वाचलेलं असतं. टाकं आहे हो. पाणी आहे का?

---

घाटवळण

नाना, तुमचे चारही मुद्दे मान्य, निष्कर्ष अमान्य. मुरूम, मोहोळ, वणवा तिन्ही सकाळी लवकर जाण्याने आणि चूल न पेटवण्याने निम्मे होतात. पावसात दगड कोसळतात, ओढ्यांना लोंढे येतात, धबधब्याखाली माणसं जातात. तेव्हा लोकांना कोणी म्हणत नाही की जून ते सप्टेंबर डोंगर बंद. शिवाय मी सगळा मार्च-एप्रिल सगळ्यांसाठी म्हणत नाही. होळीनंतर फक्त भिंतीच्या सावलीतले किल्ले.

पाण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. माणशी चार लिटर पाठीवर, आणि टाकं हे नसल्यातच धरायचं.

सईताई, कोथळीगड पेठ गावापर्यंत आणि फार तर गुहेपर्यंत आईंना जमेल. पण त्याहून सोयीचं सांगू? लोहगड. लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल, पुढचंच स्टेशन मळवली. वाटेत भाज्याची लेणी. गडाला बांधीव पायऱ्या आहेत, एकापाठोपाठ एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. मुलाला सांगा, प्रत्येक दरवाजा आधीच्याच्या तोंडासमोर का नाही ते शोध. वर नाना फडणीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे आणि विंचूकाटा नावाची लांबलचक, चिंचोळी माची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. पावसाळी रविवारी तिथल्या पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटलेला असतो, फेब्रुवारीतल्या मधल्या वारी तुम्ही आणि वानरं. टोप्या घाला, वर झाडं जवळपास नाहीत.

---

शहापूरकर

माहुलीचं मी सांगतो, पायथ्याला राहतो.

पहिलं म्हणजे माहुलीला तुमचं सावलीचं गणित लागू नाही. वाट पूर्वेच्या अंगाने चढते, सकाळचं ऊन पाठीवर. खालचं जंगल फेब्रुवारीपर्यंत पानं टाकून मोकळं होतं, साग तर पूर्ण उघडा. त्यामुळे चालायला सहाच्या आत सुरुवात, नाहीतर येऊ नका. आसनगाव स्टेशनहून माहुली गावापर्यंत रिक्षा मिळते, पण परतीची वेळ रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवा. गावात वनखात्याची चौकी, तिथे पावती फाडायची. चढाई सवयीच्या माणसाला अडीच-तीन तास, शेवटी लोखंडी शिडी. वर पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन भाग. तिन्ही एका दिवसात बघतो म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कल्याण दरवाजा बघायचा राहतो आणि चार वाजता ओढत खाली येतात. एकच भाग निवडा.

इतिहासाचं थोडक्यात. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा डाव इथूनच खेळला. किल्ल्याला वेढा पडला आणि त्यांना तह करावा लागला. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली गेला. १६७० मध्ये परत घ्यायचा पहिला प्रयत्न फसला, किल्लेदार मनोहरदास गौड जागा निघाला. तो गेल्यावर त्याच वर्षी मोरोपंत पिंगळ्यांनी घेतला. आमच्याकडे पोरांना ही हार पण सांगतात, फक्त जीत नाही.

आता पाणी, ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो. गडाच्या माथ्यावरून पश्चिमेला बघा, तानसा तलाव दिसतो. १८९२ पासून ते पाणी मुंबईला जातं. भातसा आमच्याच तालुक्यात, मोडकसागर आमच्याच तालुक्यात. आणि आमच्या पाड्यांना मार्च-एप्रिलपासून टँकर. बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. हे बातम्यांत दरवर्षी येतं, तुम्ही वाचलं असेल.

या सगळ्यात गडावरचं टाकं म्हणजे गुराख्याचं, शेळ्यांचं, जत्रेला आलेल्या माणसाचं पाणी. गेल्या उन्हाळ्यात मुंबईचा एक ग्रुप आला. टाक्यात उतरून पोहले, साबण लावून. त्यांना विचारलं तर म्हणाले, "दादा, हे नॅचरल आहे ना?" त्यांच्या घरी नळाला आमचं पाणी आणि आमच्या टाक्यात त्यांचा साबण.

या, जरूर या. गावात जेवण सांगा, वाटाड्या घ्या, चार पैसे राहतील. टाक्यात हात घालू नका, भांड्याने काढा आणि लांब जाऊन वापरा. एवढंच.

---

सई_लालबाग

शहापूरकर दादा, वाचून कसंतरी झालं. मुलाला हे वाचून दाखवणार आहे.

---

खडकखोदू

पाण्याचा विषय निघालाच आहे तर टाकी कुठे असतात यामागचं थोडं. (पेशाने भूवैज्ञानिक, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.)

आपला अख्खा सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट काळा कातळ, त्याचे उभे कडे होतात. काही सच्छिद्र आणि भुसभुशीत, त्यांच्या उतरणी आणि माच्या होतात. लांबून डोंगर पायरीपायरीने चढलेला दिसतो तो यामुळे. दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो, हात-दोन हात जाडीचा. एका लाव्ह्यानंतर दुसरा यायच्या आधी वरचा पृष्ठभाग कुजला, त्यावर पुढचा तप्त रस वाहिला, ती ही भाजलेली माती.

वरच्या कातळातल्या भेगांतून पावसाचं पाणी मुरत खाली येतं आणि या लाल थरावर अडतं. मग आडवं सरकतं आणि कड्यातून पाझरतं. जुन्या लोकांनी हे पाझर हेरून तिथे टाकी खोदली. म्हणून बऱ्याच किल्ल्यांवर टाकी डोंगराला वळसा घालत एकाच पातळीवर ओळीने सापडतात. ज्या टाक्याला असा झरा आहे ते एप्रिलमध्येही जिवंत. जे नुसतं माथ्यावरच्या कातळातला खड्डा आहे ते पावसाचं साठवणीचं, ते आटतं किंवा हिरवं होतं.

ओळखायचं कसं? टाक्याच्या मागच्या भिंतीला ओल किंवा शेवाळाची रेघ आहे का बघा. पाणी गार आहे का बघा. खांबटाकी, म्हणजे वर कातळाचं छत ठेवून आत खांब सोडून खोदलेली, त्यांत ऊन जात नाही, वाफ कमी होते, पाणी जास्त दिवस टिकतं. किल्ला कोणत्या ऋतूत लढणार हे बांधणाऱ्याला माहीत होतं. पावसात मोहिमा थांबत, वेढे पडत ते दसऱ्यानंतर आणि चालत उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे किल्ल्याची परीक्षा नेमकी या कोरड्या महिन्यांत.

आणखी एक. टाकं खोदताना निघालेला दगड वाया जात नसे, तोच तटाला आणि जोत्यांना लागे. टाकं आणि तट जवळजवळ दिसले तर दगडाचा रंग-पोत जुळवून बघा, मुलांना आवडतो हा खेळ.

---

नाना_दादरकर

खडकखोदू, उत्तम. वेढे उन्हाळ्यात पडत हा मुद्दा धागाकर्त्यांच्या पारड्यात जातो, पण वेढ्यातल्या मावळ्यांना सोमवारी सकाळी नवाची पाळी नव्हती.

---

मनमाडी

तुम्ही मंडळी कर्जत-मुरबाडला कोरडं म्हणता? तिथे निदान पळस, पांगारा फुलतो, काटेसावर लाल होते. कोरडे डोंगर बघायचे तर आमच्याकडे या. सातमाळा रांग पर्जन्यछायेत आहे, पावसाळ्यातसुद्धा हिरवं होतं ते तोंडदेखलं.

अणकाई-टणकाई. रात्रीच्या गाडीने मुंबईहून निघायचं, पहाटे मनमाड. तिथून अणकाई अगदी जवळ, दौंडच्या लाइनवर अणकाई नावाचं स्टेशनच आहे. दोन किल्ले, मधे खिंड. टणकाईच्या पोटात जैन लेणी आहेत, त्यांच्या दारावरची नक्षी सकाळच्या उन्हात बघायची. मग अणकाई. एकामागून एक दरवाजे, कातळातल्या पायऱ्या, वर अगस्ती ऋषींचं स्थान. माथा प्रचंड मोठा आणि बोडका. सावली म्हणाल तर गुहेतच. समोर हडबीची शेंडी आभाळात अंगठा दाखवत उभी. साडेदहाला खाली, गावात चहा, दुपारच्या गाडीने परत. मुंबई-मनमाड गाड्यांना तोटा नाही.

याच रांगेत धोडप आहे. १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना हरवलं ते तिथे. धोडपच्या माथ्याजवळ कातळाच्या भिंतीला मोठ्ठी खाच पडलेली आहे, फोटोत बघितली असेल. पण तो मुंबईहून एका दिवसात ओढाताणीचा होतो, मुक्कामी या.

---

वैतरणाकाठ (विरार)

पश्चिम रेल्वेवाल्यांची बाजू कोणी मांडणार की नाही? सगळे कर्जत-कसारा!

आशेरीगड घ्या. अहमदाबाद महामार्गावर मनोरच्या पुढे खोडकोना गाव. पोर्तुगीजांचा महत्त्वाचा किल्ला, १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. वर दरवाजाच्या वाटेवर पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड पडलेला आहे. मुकुट स्पष्ट दिसतो. ऊन तिरकं असताना, म्हणजे आठ-नऊच्या सुमारास, कोरीव काम उठून येतं. पावसात त्यावर शेवाळ असतं, माणसं शेजारून निघून जातात. पूर्वी एक तुटलेला टप्पा हात टेकत चढावा लागे, आता शिडी आहे. वर गुहा, टाकी, तळं. पाण्याची ददात नाही.

कोहोज वाघोटे गावातून. माथ्यावरचे वाऱ्याने झिजलेले सुळके खालून माणसासारखे दिसतात. टाक्यांचा एक अख्खा समूह आहे. चढ मात्र घाम काढतो.

एक सूचना, वरच्या कोणी दिली नाही म्हणून. खाजकुयली! डिसेंबर ते मार्च. वेलीवर मखमली तपकिरी शेंगा दिसल्या की लांबून जा, त्याखाली बसू नका, वारा असेल तर थांबूही नका. ती कुसं अंगावर पडली की माणूस कपडे फाडायच्या बेताला येतो. चोळायचं नाही. चोळलं की कुसं आत जातात आणि पसरतात. आमच्यातल्या एकाला पाड्यावरच्या आजीने शेणाचा लेप लावून सुकू दिला आणि मग खरवडून काढला. तो नाक मुरडत होता, पण अर्ध्या तासात शांत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, टी-शर्टचं कौतुक खाली स्टेशनवर करा.

---

भाकरभाजी

इतके प्रतिसाद झाले आणि खाण्याचं कोणी काढलं नाही, हा धागा मुंबईकरांचा वाटत नाही.

उन्हात तेलकट नको. वडापाव खाऊन कोथळीगड चढणारे मी गुहेत आडवे झालेले बघितलेत. काकडी, मोसंबी, दही-पोहे किंवा दह्यातला भात, आणि ताकाची बाटली कपड्यात गुंडाळून. मीठ-साखरेची पुडी प्रत्येकाच्या खिशात वेगळी, ग्रुपमध्ये एकाकडे नाही. पेठ गावात आधी सांगून ठेवलं तर उतरल्यावर गरम भाकरी, पिठलं, ठेचा. मेच्या सुमाराला डोंगरात ठाकर-कातकरी बाया करवंदं घेऊन बसतात, पळसाच्या द्रोणात. भाव करू नका, काट्यांत हात घालून काढलेली असतात.

---

सिद्धी_कर्जत

+१ खाजकुयलीला.

अवांतर, पण या भागात येणाऱ्यांनी ठेवावं लक्षात. गोरखगडाच्या शेजारचा सिद्धगड लांब पल्ल्याचा आहे, कोरड्यात नवख्यांनी एका दिवसात करू नये. पण पायथ्यापर्यंत तरी जा. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांशी लढताना तिथल्या जंगलात पडले. स्मारक आहे, दर २ जानेवारीला लोक जमतात. किल्ले म्हटलं की आपण सतराव्या शतकापाशीच थांबतो, तसंच कर्नाळ्याला जाताना शिरढोण लागतं, ते वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. सईताई, मुलाला घेऊन कर्नाळ्याला गेलात तर परतीला शिरढोणला उतरा. मोहोळाचं नानांनी सांगितलंच आहे, सुळक्याच्या फार जवळ जायची गरज नाही. अभयारण्य म्हणून आत शिरताना प्लास्टिक मोजतात, बाटल्या कमी न्या.

आणि इर्शाळगडाचं नाव कोणी घेतलं नाही, बरं केलं. जुलै २०२३ च्या दरडीत इर्शाळवाडी गेली. तिथे जाऊन फोटो काढणाऱ्यांना आम्ही आजूबाजूची माणसं अजून टोकतो.

---

घाटवळण

सिद्धी, आभार. शिरढोणचं माझ्या यादीत चढवलं.

शहापूरकर, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. माझ्या ग्रुपचा नियम आता असा: पाणी घरून भरून न्यायचं, गडावरच्या टाक्यातलं अडीअडचणीलाच, आणि तेही खडकखोदूंनी सांगितलेली ओल बघून. गाळायला दुपदरी फडकं आणि क्लोरीनचे थेंब. टाक्यात बाटली बुडवायची नाही, दोरीला बांधलेला तांब्या न्यायचा.

नानांसाठी मधला मार्ग: होळीपर्यंत कुठलाही किल्ला, होळीनंतर कोथळीगड-गोरखगड आणि तेही अकराच्या आत. मे महिन्यात कोणी विचारलं तर मी नाना म्हणतात तेच म्हणेन.

आता कामाचं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कोथळीगड ठरवतोय, पहिल्या कर्जत लोकलने. कोण कोण?

---

सई_लालबाग

आम्ही तिघं, गुहेपर्यंत. आई म्हणते वरच्या पायऱ्या खालून बघेन.

---

नाना_दादरकर

येतो. कोणीतरी मागे राहून सगळ्यांच्या बाटल्या तपासायला हवा.

---

खडकखोदू

मी पण. लाल थर प्रत्यक्ष दाखवतो, वाट त्याला कापूनच जाते.

---

भाकरभाजी

रविवार ठेवू नका, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक परतीलाच गाठतो. शनिवार करा. कर्जत स्टँडवरून आंबिवलीची एसटी चुकली तर पुढची लवकर नाही, त्यामुळे सहा आसनी रिक्षा आधीच सांगून ठेवू. आणि पेठ गावात भाकऱ्या किती सांगायच्या ते गुरुवारपर्यंत कळवा, माणशी दोन धरतोय, नानांच्या तीन.